४१३००१ : आपल्या सोलापूरचा पिनकोड आतून कसा आहे

डिजिपिनची बातमी आल्यापासून आमच्या गल्लीतले अण्णा एकच विचारतायत, "मग आपला चार एक तीन शून्य शून्य एक गेला की काय ओ?" अण्णांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं, चादरींच्या गठ्ठ्यांवर पत्ते लिहून लिहून हा नंबर त्यांच्या हातात इतका बसलाय की डोळे मिटून लिहितील. तर आधी तेवढं सांगून टाकतो. पोस्ट खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन आणला, तो दहा अक्षर-आकड्यांचा कोड आहे आणि देशभरात साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या प्रत्येक चौकोनाला एक असा दिलाय, पण जुना सहा आकडी पिनकोड बंद झालेला नाही. अण्णा, आपला ४१३००१ आहे तिथेच आहे.

पण अण्णांनी चहा पिता पिता पुढचा प्रश्न विचारला आणि तो मला जास्त आवडला. "इतकी वर्षं लिहितोय, पण ही संख्या म्हणून कशी आहे? शाळेत मूळ संख्या, संयुक्त संख्या असलं काय काय होतं, त्यातली ही कुठली?" मी म्हटलं थांबा, वही घेऊन येतो. त्या संध्याकाळी वहीत जे जे निघालं ते इथे सांगतोय, शाळेतला भागाकार आठवत असेल तर एवढ्यावर सगळं कळतं.

पोस्टाच्या लेखी हा नंबर म्हणजे काय

हे पटकन. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि त्यामागचं डोकं एका मराठी माणसाचं, श्रीराम भिकाजी वेलणकर यांचं, जे संस्कृतचे मोठे कवी पण होते. पहिला ४ म्हणजे पश्चिमेकडचा विभाग, ४० ते ४४ महाराष्ट्राकडे (४० मध्ये गोवाही येतं), पहिले तीन आकडे मिळून टपाल वेगळं करायचा जिल्हा, शेवटचे तीन म्हणजे नेमकं पोस्ट ऑफिस. ४१३ मध्ये नुसतं सोलापूर नाही, बारामती, लातूर, धाराशिवचे पिनकोड पण ४१३ नेच सुरू होतात. म्हणजे पोस्टासाठी हे सहा आकडे म्हणजे एक पाटी आहे. आपण आता पाटी बाजूला ठेवू आणि तिला सरळ चार लाख तेरा हजार एक म्हणून बघू.

आधी तुकडे पाडू

कुठलीही संख्या ओळखायची तर पहिला प्रश्न असा की ती कशाकशाने पूर्ण भागली जाते. समजा ४,१३,००१ चादरी आहेत आणि त्या सारख्या रांगांमध्ये मांडायच्यात, एकही उरता कामा नये. ज्या संख्येच्या चादरी एका लांबलचक रांगेशिवाय दुसऱ्या कशातच मांडता येत नाहीत ती मूळ संख्या, जशी ७, १३, १०९. मांडता आल्या तर ती संयुक्त संख्या. आणि प्रत्येक संयुक्त संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारानेच बनते, तीही एकाच प्रकारे, क्रम सोडला तर दुसरा प्रकार नाहीच. सगळी गंमत या एका गोष्टीवर उभी आहे.

तर ४१३००१. शेवटी १, म्हणजे २ आणि ५ बाद. आता आकड्यांची बेरीज करा: ४+१+३+०+०+१ = ९. बेरीज नवाने भागली जाते म्हणून संख्याही नवाने भागली जाते, हे आपल्याला शाळेत पाठ करायला लावलं पण का ते बहुतेकांना कुणी सांगितलंच नाही. ते असं आहे. चार लाख म्हणजे चार वेळा ९९,९९९ आणि वर ४. दहा हजार म्हणजे ९,९९९ आणि वर १. तीन हजार म्हणजे तीन वेळा ९९९ आणि वर ३. शेवटचा एक आहेच. ९९,९९९, ९,९९९, ९९९ हे सगळे नवाचे गठ्ठे, ते बाजूला काढले की सुटे किती राहिले? ४, १, ३ आणि १, मिळून ९. तो पण नवाचा एक गठ्ठा झाला. म्हणजे बेरजेची युक्ती ही खरं तर सुटे मोजायची युक्ती आहे. हे अण्णांना लगेच कळलं, गठ्ठे बांधलेला माणूस.

नवाने भागलं की येतात ४५,८८९. आता इथे खरी मेहनत. याच्या आकड्यांची बेरीज ३४, म्हणजे ३ पुन्हा जात नाही. मग ७ ने बघा, ४ उरतात. ११ ने ८ उरतात. १३ ने १२. असं एकेक मूळ संख्या घेत जायचं, १७, १९, २३, २९... कुठपर्यंत? वर्गमूळापर्यंत. कारण दोन संख्यांचा गुणाकार ४५,८८९ असेल तर त्यातली एक तरी वर्गमूळाएवढी किंवा त्याहून लहान असणारच, दोन्ही मोठ्या असल्या तर गुणाकार पुढे निघून जाईल. ४५,८८९ चं वर्गमूळ २१४ च्या आसपास, म्हणजे २१४ पर्यंत काही सापडलं नाही तर ही मूळ संख्या म्हणून सोडून द्यायची. १०१ ने ३५ उरले, १०३ ने ५४, १०७ ने ९३. आणि ७ पासून मोजला तर सव्विसावा भागाकार, १०९. शून्य. अण्णा वहीत बघत होते, त्यांनी मांडीवर थाप मारली. १०९ × ४२१ = ४५,८८९, आणि ४२१ पण मूळ संख्या.

म्हणजे आपला पिनकोड असा आहे: ४१३००१ = ३ × ३ × १०९ × ४२१.

एवढं हातात आलं की बाकी भराभर निघतं. विभाजक, म्हणजे ज्यांनी ती पूर्ण भागली जाते अशा संख्या, एकूण बारा: १, ३, ९, १०९, ३२७, ४२१, ९८१, १२६३, ३७८९, ४५८८९, १३७६६७ आणि स्वतः. चादरी सहा प्रकारे आयतात मांडता येतील आणि त्यातला सगळ्यात आटोपशीर आयत ४२१ रांगा, प्रत्येकीत ९८१.

न्यून आणि विपुल

एक फार जुनी वर्गवारी आहे, ग्रीक लोकांपासून चालत आलेली. संख्येचे स्वतःला सोडून बाकीचे सगळे विभाजक घ्यायचे आणि बेरीज करायची. बेरीज बरोबर त्या संख्येएवढी आली तर ती परिपूर्ण संख्या, जशी ६, कारण १+२+३ = ६. पुढची २८, मग ४९६, मग ८१२८, फार दुर्मिळ. बेरीज कमी आली तर न्यून, जास्त आली तर विपुल.

४१३००१ ची बेरीज येते १,९०,४५९, निम्म्याहूनही कमी, म्हणजे आपली संख्या न्यून. अण्णा जरा हिरमुसले. मग मी पंढरपूरचा ४१३३०४ घेतला. तो आहे ८ × ३ × १७ × १०१३, आणि त्याच्या विभाजकांची बेरीज ६,८१,८१६, चांगली दणदणीत विपुल. "विठ्ठलाचं गाव विपुल, बरोबरच आहे" असं अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या आनंदात मी खोडा घातला नाही, पण कारण साधं आहे. सम संख्येचा निम्मा हा एक मोठा विभाजक आयता मिळतो, इथे तर २ तीनदा आलाय, शिवाय ३ आहे, म्हणून बेरीज फुगते. विषम संख्येला ही सोय नाही. सगळ्यात लहान विषम विपुल संख्या ९४५, तोपर्यंत एकही नाही. आणि विषम परिपूर्ण संख्या तर आजवर एकही सापडलेली नाही, ती असते की नसते हे जगात कुणालाच सिद्ध करता आलेलं नाही. दोन हजार वर्षांहून जुना विषय आहे आणि प्रश्न सहावीतल्या पोराला कळेल इतका सोपा, मला हे फार भारी वाटतं.

दोन चौकोनी अंगणं

आता माझा सगळ्यात आवडता भाग. समजा ४,१३,००१ शहाबादी फरश्या आहेत, सगळ्या चौकोनी, एका मापाच्या. दोन चौरस अंगणं घालायची, एकही फरशी उरायला नको आणि कमी पडायला नको. जमेल का?

जमतं. एक अंगण ५७६ बाय ५७६, दुसरं २८५ बाय २८५. करून बघा: ३,३१,७७६ आणि ८१,२२५, बेरीज ४,१३,००१. आणि दुसऱ्या प्रकारेही जमतं, ५५५ आणि ३२४. तिसरा प्रकार नाही.

हे मी अंदाजाने शोधलं नाही. फर्मा नावाच्या फ्रेंच गणितीने १६४० मध्ये सांगितलं होतं की २ सोडून जी मूळ संख्या चाराने भागल्यावर १ उरतो ती दोन वर्गांची बेरीज असतेच, आणि ३ उरत असेल तर कधीच नसते. सिद्धता पुढे शंभरेक वर्षांनी ऑयलरने दिली. १०९ ला चाराने भागा, १ उरतो: १०९ = १०० + ९. ४२१ ला भागा, १ उरतो: ४२१ = २२५ + १९६. अशा दोन संख्यांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीज होतो, याच जातीचं सूत्र आपल्या ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात मांडलेलं आहे. राहिला ३, तो आडमुठा, चाराने भागल्यावर ३ उरणारा, पण आपल्या संख्येत तो जोडीने आलाय म्हणून नडत नाही. एकटा असता तर ही अंगणं झालीच नसती.

बेरीज नऊ आली म्हणजे शुभ का?

हा प्रश्न येणारच होता, अण्णांच्या सूनबाईंनी आतून विचारला. नाही हो वहिनी, शुभ-अशुभ याच्यात काही नाही, दर नऊ संख्यांमागे एक संख्या नवाने भागली जाते आणि तिच्या आकड्यांची बेरीज फिरून फिरून नवावरच येते. पण या बेरजेवरून एक सुंदर नाव मात्र मिळतं.

देवळालीला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते, जन्म १९०५, डहाणूचे. शाळेत शिकवायचे आणि उरलेला वेळ संख्यांशी खेळण्यात. जी संख्या स्वतःच्या आकड्यांच्या बेरजेने पूर्ण भागली जाते तिला त्यांनी नाव दिलं हर्षद, आनंद देणारी. आज जगभरच्या पुस्तकांत ती याच नावाने ओळखली जाते, मराठी मास्तराने दिलेल्या संस्कृत नावाने. ४१३००१ च्या आकड्यांची बेरीज ९ आणि ती ९ ने भागली जाते, म्हणजे सोलापूरचा पिनकोड हर्षद! दहा लाखांपर्यंत ९५,४२८ हर्षद संख्या आहेत, म्हणजे दर दहा-अकरांत एक, फार दुर्मिळ नाही. ४१३००१ ते ४१३००८ या आठांत तर तीन आहेत, ००१, ००४ आणि ००८ वाल्या.

कापरेकरांची दुसरी कल्पना स्वयंभू संख्येची. एखादी संख्या घ्या, तिच्यात तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्मते. जिला असा कुणी जन्मदाता नाही ती स्वयंभू, उदाहरणार्थ २०, ३१, ४२. आपला पिनकोड स्वयंभू नाही, त्याचा जन्मदाता सापडतो: ४१२९७४. त्याच्या आकड्यांची बेरीज २७, आणि ४१२९७४ + २७ = ४१३००१.

आणि त्यांचा तो प्रसिद्ध वजाबाकीचा खेळ. आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावा, मग उलटे लावा, वजा करा, परत तेच. चार आकडी संख्या घेतली (सगळे आकडे एकच नसलेली) तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो आणि तिथेच अडकतो, म्हणून त्याला कापरेकर स्थिरांक म्हणतात. सहा आकडी संख्यांचं वागणं वेगळं. आमचा पिनकोड असा गेला: ४३११०० वजा ००११३४ म्हणजे ४२९९६६, मग ७४९९४३, मग ६५२६४४, मग ४२०८७६. तिथून ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि परत ४२०८७६! सात संख्यांचं रिंगण, आणि एकदा आत शिरलं की बाहेर यायचा रस्ता नाही. अण्णांनी दोनदा स्वतः करून बघितलं, मी चुकलो असेन म्हणून.

हे गुण संख्येचे की आपल्या लिहिण्याचे?

इथे थांबून एक गोष्ट नीट बघायला हवी, कारण इंटरनेटवर या दोन्हींची पार खिचडी करून टाकतात. मूळ असणं, न्यून असणं, दोन चौरसांत मावणं, हे त्या संख्येचे अंगचे गुण. आकडे कसेही लिहा, रोमन लिहा, गोट्या मांडा, फरश्या तेवढ्याच राहणार. हर्षद, स्वयंभू, वजाबाकीचं रिंगण हे मात्र आपण दशमान पद्धतीत लिहितो म्हणून दिसणारे गुण. आपल्याला आठ बोटं असती आणि आपण आठाच्या पटीत लिहीत असतो तर हीच संख्या १४४६५११ अशी दिसली असती, बेरीज बावीस, आणि बाविसाने ती भागली जात नाही. हर्षदपणा गेला.

म्हणून मी उत्सुकतेने कॉम्प्युटरच्या बायनरीत बघितलं. बायनरी म्हणजे समजा तुमच्याकडे १, २, ४, ८, १६ अशी दुप्पट होत जाणारी वजनं आहेत आणि प्रत्येक एकच आहे, त्यातली कुठली पारड्यात टाकली त्याची नोंद. टाकलं तर १, नाही तर ०. ४१३००१ तोलायला लागतात २६२१४४, १३१०७२, १६३८४, २०४८, १०२४, २५६, ६४, ८ आणि १. मोजा किती झाली. नऊ! म्हणजे बायनरीत पण आकड्यांची बेरीज ९ आणि बायनरीत पण ती हर्षद. हा निव्वळ योगायोग आहे, यामागे काही कारण नाही, पण मी रात्री अकरा वाजता हे बघितलं आणि मला कुणाला तरी उठवून सांगावंसं वाटलं.

असं कुठल्याही नंबरबद्दल निघेल की?

हो, निघेल. बार्शीचा ४१३४०१ घ्या, ३७ × १११७३. हर्षद नाही. ४१३००३ ला १९ जातो. ४१३००१ ते ४१३००८ मध्ये तर मूळ संख्या एकही नाही, आणि त्यात नवल नाही, कारण चार लाखांच्या आसपास साधारण तेरांत एक मूळ संख्या असते, संख्या वाढत जातात तशा त्या अजून विरळ होतात. विरळ होतात पण संपत नाहीत, हे युक्लिडने दोन हजारांवर वर्षांपूर्वीच सिद्ध केलंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट या अमेरिकन माणसाने माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या शोधली: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. तिच्यात चार कोटी दहा लाख चोवीस हजार तीनशे वीस आकडे आहेत. आपल्या पिनकोडात सहा.

याचा उपयोग काय?

सव्वीस भागाकार आठवा. १०९ आणि ४२१ हातात असतील तर गुणाकार अर्ध्या मिनिटाचा. पण नुसतं ४५,८८९ दिलं आणि तुकडे शोधा म्हटलं तर मला चहा गार होईपर्यंत बसावं लागलं. जाताना सोपं, उलटं येताना अवघड. रिव्हेस्ट, शमिर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये याच एका गोष्टीवर कॉम्प्युटरवरची माहिती गुप्त ठेवायचं कुलूप बनवलं, त्यांच्या आडनावांवरून त्याला आरएसए म्हणतात. दोन प्रचंड मूळ संख्या गुपित ठेवायच्या आणि त्यांचा गुणाकार जगाला उघड द्यायचा. कुलूप लावायला गुणाकार पुरतो, उघडायला तुकडे लागतात.

कॉम्प्युटर तुकडे पाडेल की, असं कुणी म्हणेल. पिनकोडाचे पाडतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत. पण २०२० मध्ये अशी २५० आकडी एक संख्या फोडली तेव्हा जगभरची मशीन मिळून जे काम झालं ते एका प्रोसेसरला करायला सांगितलं असतं तर त्याला सुमारे २,७०० वर्षं लागली असती. आणि आज या प्रकारच्या कुलपांत साधारण ६१७ आकडी संख्या वापरतात. एकेक मूळ संख्या घेऊन भागत जायची आमची पद्धत तिथे टिकतच नाही, हुशार पद्धती आहेत पण त्याही हात टेकतात.

हे सगळं ऐकून अण्णांनी वही स्वतःकडे ओढली. त्यांच्या मुलीकडचा पिनकोड ४१३००२, तो त्यांना करायचा होता. निम्मे केले, २,०६,५०१. बेरीज १४, तीन नाही. ७ ने एक उरला, त्यावर ते जरा चिडले. ११ नाही, १३ नाही, १७ ने दोन, १९ ने नऊ... मी उठलो तेव्हा ४३ ने भागून १५ उरले होते आणि त्यांना ४५४ पर्यंत जायचं होतं, वहिनींनी दुसरा चहा टाकला होता.